मूलद्रव्यांची ग्रीक नावे कशी फोडावीत: मिठागरापासून विजयदुर्गापर्यंत

नाव पाठ करण्याआधी त्याचे दोन तुकडे करा: मूळ शब्द आणि शेपूट. वहीत चार रकाने आखा: नाव, ग्रीक शब्द, अर्थ, आणि तो अर्थ कशावरून दिला. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात आणि गोंधळ तिथेच होतो.

सुरुवात मिठागरापासून करा. शिरोड्याचे मिठागर कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘हाल्स’ म्हणजे मीठ आणि ‘जेन’ म्हणजे उत्पन्न करणारे, म्हणून हॅलोजन. (हे ‘जेन’ आपल्या ‘जन्’ धातूचेच भावंड, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे.) त्या कुळातल्या क्लोरीनचे नाव हंफ्री डेव्हीने 1810 मध्ये ‘क्लोरोस’, म्हणजे फिकट पिवळट हिरवा, यावरून ठेवले. मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात ब्रोमाइड साठते. फ्रान्समधल्या मोंपेलिएजवळच्या मिठागरातल्या अशाच पाण्यातून बालारने 1826 मध्ये ब्रोमीन वेगळे केले. ‘ब्रोमोस’ म्हणजे दुर्गंध. अर्थाची खातरजमा करायला वास घेऊ नका, वाफ विषारी असते.

आयोडीनपाशी मात्र थांबायला हवे. 1811 मध्ये कुर्त्वाला समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ मिळाली आणि तिच्या रंगावरून नाव पडले. विद्यार्थी टिंक्चरचा तपकिरी रंग किंवा भाताच्या पेजेवर उमटणारा निळा-काळा रंग पाहतात आणि नाव चुकले म्हणतात. नाव वाफेचे आहे. प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर परीक्षानळीत आयोडीनचा तांदळाच्या कणीएवढा एकच स्फटिक टाका, तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा, मंद आचेवर धरा. खिडक्या उघड्या हव्यात. ही वाफ डोळ्यांना झोंबते.

शेपटीने फसवलेले नाव म्हणजे हेलियम. ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य, हे बरोबर. पण ‘-इयम’ ही सहसा धातूची शेपटी. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखले गेले, ती एखाद्या धातूची असावी, असे तेव्हा वाटले होते. पुढे सापडलेल्या निऑन (नवा), आर्गॉन (आळशी), क्रिप्टॉन (लपलेला), झेनॉन (परका) यांना ‘-ऑन’ मिळाले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणामुळे विजयदुर्गचे नाव हेलियमशी जोडतात, पण वहीत नीट लिहा: हेलियमच्या शोधाशी ज्यांची नावे जोडली जातात त्या दोन खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेनने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले आणि लॉकयरचे त्या वर्षीचे निरीक्षण इंग्लंडमधले.

गुणधर्म शोधूनही सापडत नसेल, तर पुराणकथा तपासा. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट या खनिजात टायटॅनियम असते. क्लाप्रोटने 1795 मध्ये ते नाव टायटन या दैत्यांवरून मुद्दामच ठेवले, कारण गुणधर्मावरून पडलेले नाव पुढे खोटे ठरू शकते. ऑक्सिजनला नाव देणाऱ्या लाव्हाझिएचे तसेच झाले: त्याला वाटले, आम्ल बनवतो तो ऑक्सिजन. पण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो. कणकवलीच्या क्रोमाइट या खनिजातला क्रोमियम मात्र सरळ आहे: ‘क्रोमा’ म्हणजे रंग, कारण त्याची संयुगे रंगीत.

सगळेच ग्रीक समजू नका. शिंपल्यांच्या चुनकळीतला कॅल्शियम लॅटिन ‘काल्क्स’वरून (चुना) आला. पण चुनकळी पाण्यात विरताना उष्णता सुटते, त्या क्रियेचे ‘एक्झोथर्मिक’ हे विशेषण ग्रीक: ‘एक्सो’ बाहेर, ‘थेर्मे’ उष्णता. ‘एंडो’ म्हणजे आत, म्हणून एंडोथर्मिक क्रिया उष्णता शोषते. ही जोडी समोरासमोर लिहा. परीक्षेत अदलाबदल होते ती यांचीच.