कुंग फू शिकायला जाताना: क्लब शोधण्यापासून पहिल्या फॉर्मपर्यंत

कुंग फूचा वर्ग लावायचं ठरवलं की पहिला घोळ नावापासूनच सुरू होतो. मुळात ‘कुंग फू’ हे एका कलेचं नावच नाही. चिनी भाषेत त्याचा अर्थ वेळ आणि कष्ट ओतून कमावलेलं कसब. मुरलेल्या स्वयंपाक्याच्या हाताबद्दलही हा शब्द वापरता येतो. युद्धकलेला तिकडे ‘वूशू’ म्हणतात आणि तिच्या शैली ढिगाने आहेत. त्यामुळे क्लबला फोन केलात की ‘फी किती?’च्या आधी ‘शैली कोणती?’ हे विचारा. ‘आम्ही सगळंच शिकवतो’ असं उत्तर आलं तर मी तरी दुसरा नंबर फिरवीन.

आधी शैलींची तोंडओळख

विंग चुन ही दक्षिण चीनमधली, अगदी जवळून लढण्याची शैली. लाथा बहुतेक कमरेच्या खाली. तिचा पहिला फॉर्म (म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी), ‘स्यू निम ताओ’, अख्खा एका जागी उभं राहून करायचा, पाऊलही उचलायचं नाही. हुंग गार म्हणजे खोल, रोवलेले पवित्रे आणि वाघ-करकोच्याचे हात. वोंग फेई-हुंग (1847–1925) हे तिचं सर्वांत गाजलेलं नाव. चोय ली फुत चान ह्युंग यांनी 1836 मध्ये सुरू केली, तिच्यात हात लांबून झोकात येतात. उत्तरेकडच्या शैलींमध्ये लांब पल्ले आणि उंच लाथा जास्त. हेनान प्रांतातल्या चेन गावात रुजलेलं ताई ची संथ दिसतं म्हणून लोक त्याला निव्वळ व्यायाम समजतात, पण तीही लढाईचीच कला आहे.

याशिवाय आधुनिक क्रीडा-वूशू आहे, ज्यात सादरीकरणाला पंच गुण देतात. ते देखणं आहे, अवघडही आहे, पण पारंपरिक शिक्षण हवं असेल तर ते हे नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

शैलीवर फार डोकं खाजवू नका. जवळपास जी चांगली शिकवली जाते, ती चांगली.

पैसे भरण्याआधी एक वर्ग नुसता बघा

बघताना शिक्षकांकडे बघू नका, ते चांगले दिसणारच. सहा-आठ महिने झालेल्या विद्यार्थ्यांकडे बघा. त्यांचे पाय स्थिर आहेत का? ठोसा मारताना खांदे वर चढतात का? चुकलेल्या माणसाला कोणी थांबवून हात धरून दुरुस्त करतं, की पुढचा आकडा मोजला जातो? मग जोडीचा सराव होतो का ते बघा. वर्षभर हवेतच हात फिरवणारा माणूस समोरून खरा हात आला की गांगरतो.

वर्ग संपल्यावर फॉर्ममधली कुठलीही एक हालचाल दाखवून विचारा, ‘ही कशासाठी?’ चांगला शिक्षक उत्तर देत बसत नाही, ‘मनगट धरा माझं’ म्हणतो आणि दाखवतो. तुम्ही कोणाकडे, किती वर्षं शिकलात, हेही त्यांना खुशाल विचारा. या कलेत परंपरा सांगणं हा शिष्टाचारच आहे, त्यात कोणाला राग यायचं कारण नाही. स्पर्श न करता माणूस पाडून दाखवणारे भेटले तर चपला घाला आणि निघा.

पट्ट्यांचंही सांगतो. जुन्या चिनी वर्गांत रंगीत पट्टे नव्हते, ती रीत जपानी ज्युडोकडून पसरली. चीनमधली ‘दुआनवेई’ श्रेणीपद्धत तर 1998 मधली. पट्टे असणं वाईट नाही, पण दर दोन महिन्यांनी परीक्षा आणि प्रत्येकीची वेगळी फी असेल तर हिशेब करून बघा. वर्षाची फी एकदम भरू नका. पहिले तीन महिने महिन्याला भरा.

पहिला दिवस

सैलसर पँट, टीशर्ट आणि सपाट, पातळ तळव्याचे बूट. जाड तळव्याच्या धावायच्या बुटांत जमिनीचा अंदाज येत नाही. नखं कापलेली, अंगठ्या-घड्याळ पिशवीत. गुडघ्याचं, पाठीचं किंवा हृदयाचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि शिक्षकांनाही आधीच सांगा.

आत शिरताना नमस्कार करायचा: उजवी मूठ, तिच्यावर डावा पंजा, छातीसमोर. शिक्षकांना कँटोनीज वळणाच्या क्लबात ‘सिफू’ म्हणतात, मँडरिन वळणाच्या क्लबात ‘शिफू’. तुमच्या आधी आलेला मुलगा तुमचा ‘सिहिंग’, म्हणजे थोरला गुरुबंधू. इथे वय मोजत नाहीत, क्लबात कधी आलात ते मोजतात. माझा सिहिंग सतरा वर्षांचा होता आणि मला तेव्हा चाळिशी लागली होती. पहिला आठवडा अवघडल्यासारखं झालं, नंतर त्याच्याइतकं समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

‘मा बू’: इथे घाई नको

‘मा बू’ म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी बैठक. पाय खांद्यांच्या दीडपट अंतरावर ठेवा, चवडे समोर. पाठ सरळ ठेवून खाली बसा, मागे खुर्ची असल्यासारखे, पण नितंब मागे काढू नका. मुठी कमरेशी, तळवे वर. आता खाली बघा: गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला आहे का? नवख्या माणसाचे गुडघे हटकून आत झुकतात. माझे झुकले होते, वर हट्टाने मी शेजाऱ्याइतका खाली बसलो. पुढचे पंधरा दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उतरलो.

म्हणून आधी उंच बैठक, तीस सेकंद. श्वास नाकाने, दात आवळायचे नाहीत. मांड्या थरथरतील, थरथरू द्या. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं मात्र की लगेच उठा. दर आठवड्याला दहा सेकंद वाढवा, खोली नंतर आपोआप येते. ठोशाचा जोर खांद्यातून येत नाही. तो जमिनीतून, पायातून, कमरेतून वर येतो, आणि पाय कच्चा असला की वाटेतच सांडतो.

पहिला फॉर्म आणि घरचा सराव

फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. उत्तरेकडच्या अनेक क्लबांत सुरुवात ‘तान तुई’ने होते, तिच्या दहा किंवा बारा छोट्या ओळी असतात. एका वेळी एकच ओळ घ्या. पुढची ओळ मोबाइलवर बघून आधीच पाठ करून जाण्याचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येक क्लबात बारकावे वेगळे असतात आणि चुकीचं बसलेलं वळण काढायला नवीन शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात: पाच बैठकीला, दहा फॉर्मला. वर्गात सांगितलेली एकच दुरुस्ती वहीत लिहा आणि आठवडाभर तेवढीच बघा. ‘मागचा हात कमरेवर परत येत नाही’ एवढं एक वाक्य मला महिनाभर पुरलं होतं.

जोडीच्या सरावात जोर आधी ठरवून घ्या आणि लागलं तर दोनदा थाप मारा, समोरच्याने तिथेच थांबायचं. दुखवून शिकवणारा जोडीदार मिळाला तर सिफूंना सांगून बदलून घ्या.

दुसरा फॉर्म कधी, हे मागू नका, ते सिफू ठरवतात. सहा महिन्यांनंतरही मन रमलं नाही तर क्लब बदला, पण गुपचूप येणं बंद करू नका. समोर जाऊन सांगा, उजव्या मुठीवर डावा पंजा ठेवून निरोप घ्या आणि मगच दुसरीकडे नाव घाला.