बेटांच्या संवर्धनासाठी निधी उभारताना या चुका टाळा

नाशिकला समुद्र नाही, तरीही किनाऱ्यावर आणि बेटांवर काम करणाऱ्या लहान संस्थांचे निधीप्रस्ताव गेली काही वर्षे तपासणीसाठी माझ्याकडे येतात. त्यांतली सर्वांत मोठी चूक आता मला पहिल्याच पानावर दिसते: पैसे वस्तू घेण्यासाठी मागितलेले असतात, ती चालवण्यासाठी नाहीत.

ही चूक मी स्वतःही केली आहे. कोकणातील एका संस्थेसाठी कांदळवनांच्या गस्तीकरिता होडी घेण्याचा प्रस्ताव मीच लिहिला होता. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशांतून, होडी आली, नारळ फुटला, छायाचित्रे छापून आली. मात्र डिझेल, इंजिनाची दुरुस्ती आणि तांडेलाचा (होडी चालवणाऱ्याचा) पगार यांची तरतूद एकाच वर्षाची होती. दुसऱ्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली गेलेली ती होडी पुन्हा पाण्यात उतरली नाही आणि शेवटी भंगाराच्या भावाने विकली गेली. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून मला हे आधीच कळायला हवे होते, कारण इथला बागायतदार एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीचा खर्च मोजल्याशिवाय नवी बाग लावत नाही. तेव्हापासून मी प्रस्ताव शेवटच्या पानापासून वाचतो आणि चौथ्या वर्षाचा डिझेलचा आकडा सापडला नाही, तर तो परत पाठवतो.

कॅरिबियन समुद्रातील बोनेअर बेटानेही हाच अनुभव घेतला. तेथील सागरी उद्यान १९७९ मध्ये देणगीच्या पैशांवर सुरू झाले, पैसे संपल्यावर त्याचे व्यवस्थापन ठप्प झाले आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्या पर्यटकाकडून वर्षाला १० डॉलर शुल्क घेतले जाऊ लागल्यावर ते पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहिले.

हे उदाहरण सांगितले की उत्साही मंडळी लगेच पावतीपुस्तक छापायला निघतात. केवळ पर्यटकांच्या शुल्कावर विसंबणे ही दुसरी चूक आहे, कारण २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा अशा बेटांचे उत्पन्नही थांबले, पण गस्त थांबवता येत नव्हती. किमान एका वर्षाचा पगार वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय शुल्काचा एक रुपयाही नव्या कामावर खर्च करू नये, असे माझे मत आहे.

कायमनिधीचे, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याजावर काम चालवायच्या निधीचे, गणितही बहुतेक जण अर्धेच करतात. एक कोटी रुपयांवर ७ टक्के व्याज धरले तर ७ लाख मिळतात खरे, परंतु महागाई ५ टक्के असेल तर मुद्दलाची किंमत टिकवण्यासाठी ५ लाख पुन्हा त्यातच घालावे लागतात आणि हातात २ लाख उरतात. शिवाय जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायमनिधीला दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरली जात नाही, हे प्रस्ताव लिहिण्याआधीच पाहावे.

सेशेल्स या बेटांच्या देशाने २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचे निळे रोखे, म्हणजे समुद्राशी संबंधित कामांसाठी पैसे उभारणारे रोखे, काढले, म्हणून आपणही काढू, असे मला दोनदा ऐकवण्यात आले आहे. रोखे म्हणजे देणगी नव्हे, ते परत फेडायचे कर्ज असते, आणि तो व्यवहार एका देशाच्या सरकारने केला होता. परदेशी देणगी एका मोठ्या संस्थेने घेऊन बेटांवरील छोट्या संस्थांना वाटण्याची योजना परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बसत नाही. ३१ मार्चच्या आठ दिवस आधी प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि एप्रिलमध्ये या, असे सांगतो.