ई-कॅडहेरिनची स्लाइड: तयारी आणि वाचन

स्तनाची गाठ डक्टल की लोब्युलर (स्तनाच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार), हे नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन स्लाइडवर ठरत नाही तेव्हा ई-कॅडहेरिन रंगवतात. हे प्रथिन शेजारच्या पेशींना कॅल्शियमच्या मदतीने बांधून ठेवते आणि पेशीच्या आतल्या बाजूने बीटा-कॅटेनिन व पी१२० या प्रथिनांना धरून असते. लोब्युलर गाठीत बहुधा ई-कॅडहेरिन बनवणारे सीडीएच१ जनुक बिघडलेले असते. बांधणी सुटते आणि पेशी एकामागे एक रांगेने आधार-ऊतीत शिरतात.

निम्मे काम फॉर्मालिनमध्येच होते. ऊती काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये घाला आणि ६ ते ७२ तास ठेवा. मोठा नमुना आधी कापून उघडा, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो आणि तिथे रंग फिका येतो. ब्लॉक निवडताना त्यात गाठीबरोबर निरोगी नलिकाही हवी. चार्ज्ड (छेद घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर ३ ते ४ मायक्रॉनचे छेद घ्या, ६० अंशांवर तासभर भाजा. पॅराफिन काढल्यावर पीएच ९च्या ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटे ठेवा आणि त्याच बफरमध्ये सावकाश थंड होऊ द्या. उकळी फुटली तर छेद सुटतो. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे, त्यानंतर ई-कॅडहेरिनला चिकटणारी अँटिबॉडी; ती जिथे चिकटते तिथे शेवटी तपकिरी रंग उमटतो. तिचे विरलन आपल्याच प्रयोगशाळेत ठरवा, पत्रकावरचा आकडा ही फक्त सुरुवात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तन-कर्करोग पेशींपैकी एमसीएफ-७चा ब्लॉक पॉझिटिव्ह (रंग यायलाच हवा असा) आणि एमडीए-एमबी-२३१चा निगेटिव्ह (रंग येऊ नये असा) कंट्रोल म्हणून चांगला चालतो.

वाचताना गाठीकडे नंतर वळा, आधी निरोगी नलिका पाहा. तिच्या आतल्या थरातील पेशींभोवती ठसठशीत, अखंड तपकिरी रेघ नसेल तर ती स्लाइड 'निगेटिव्ह' नव्हे, बाद आहे. पुन्हा करा.

गाठीत रंग किती गडद आहे यापेक्षा तो कुठे आहे हे महत्त्वाचे. पेशीपटलावर अखंड रेघ असेल तर प्रथिन जागेवर आहे. पेशीद्रवात पसरलेला किंवा ठिपक्याठिपक्यांचा रंग पॉझिटिव्ह धरू नका. सर्वात जास्त फसगत होते ती लोब्युलर पेशींमध्ये अडकलेल्या निरोगी नलिकापेशी आणि मायोएपिथेलियल (नलिकेच्या बाहेरच्या थरातील) पेशींमुळे: त्या रंगतात आणि गाठच रंगल्यासारखी वाटते.

काही लोब्युलर गाठींत प्रथिन पटलावर दिसते, पण काम करत नाही. अशा वेळी पी१२० रंगवा. डक्टलमध्ये ते पटलावर, लोब्युलरमध्ये पेशीद्रवात दिसते. पेशींची ठेवण स्पष्ट लोब्युलर असेल तर केवळ पटलावर रंग दिसला म्हणून निदान बदलू नये.

अहवालात रंग पटलावर की पेशीद्रवात, अखंड की तुटक, हे लिहा. रंग टिकला म्हणून 'पसरण्याची शक्यता कमी' असे मात्र लिहू नका. डक्टल गाठी लसीकाग्रंथीत पोचल्यावरही बहुतेकदा ई-कॅडहेरिन राखून असतात.