लांबलचक डच शब्द: उजवीकडून उघडा, डावीकडे जोर द्या

नेदरलँड्समध्ये आल्याआल्या भाडेकरार, आरोग्य विमा, नगरपालिकेची पत्रं असे कागद हातात पडतात आणि त्यांत एकेक शब्द अर्धी ओळ अडवून बसलेला असतो. डावीकडून अक्षर अक्षर लावत गेलं की मध्येच दम लागतो. माझा अनुभव असा की हे शब्द उजवीकडून उघडावेत आणि म्हणताना मात्र जोर डावीकडे द्यावा.

उजवीकडून का, हे मराठी माणसाला चटकन पटेल. 'महानगर' नपुंसकलिंगी असलं तरी आपण 'ती महानगरपालिका' म्हणतो, कारण लिंग शेवटच्या पदाचं. डचमध्येही तसंच. 'झीकनहौस' म्हणजे रुग्णालय. डच नामाआधी 'डे' किंवा 'हेट' हे उपपद येतं (इंग्रजी 'द'सारखं). 'हौस' म्हणजे घर, त्याला 'हेट' लागतं, म्हणून रुग्णालयालाही 'हेट'. शेवटचं पद सापडलं की वस्तू कोणती ते कळतं आणि 'डे' की 'हेट' हा प्रश्नही सुटतो.

सांधा शोधायची एक उपयोगी खूण आहे. पहिलं पद 'इंग' किंवा 'हाइट'ने संपत असेल तर त्याला बहुधा 'स' चिकटतो. तो दिसला की तिथे तोडा: खझॉन्टहाइट्स-झॉर्ख, म्हणजे आरोग्यसेवा. चुकीच्या जागी तोडलं तर अर्थच पालटतो. क्वार्ट-स्लाखन म्हणजे पाव फेऱ्या, क्वार्ट्स-लाखन म्हणजे क्वार्ट्‌झ खनिजाचे थर. लिहिताना दोन्ही अक्षरशः सारखे. शंका आली तर डच भाषासंघाची अधिकृत शब्दयादी, जिला सगळे 'हिरवं पुस्तक' म्हणतात, ती उघडावी. शब्द कुठे तोडायचा ते तिच्यात दाखवलेलं असतं.

खरी मेहनत आहे ती जोरावर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो आणि तरी समजतं. डच कान मात्र आधी जोराचं अक्षर पकडतो. 'फरझेकरिंग' म्हणजे विमा. एकटा असताना जोर 'झे'वर. त्याच्या सुरुवातीला 'झॉर्ख' (सेवा, काळजी) लागलं आणि आरोग्य विमा झाला की मुख्य जोर 'झॉर्ख'वर सरकतो, 'झे'वर हलका ठसा उरतो, बाकीची अक्षरं पटपट उरकायची. सराव शेवटाकडून करावा: आधी नुसतं 'फरझेकरिंग', ते जिभेवर बसलं की सुरुवातीला 'झॉर्ख' जोडून. 'ह्यूर-ओफरएनकॉम्स्ट', म्हणजे भाडेकरार, हाही असाच बसवावा. पहिल्या पदात जोर ज्या अक्षरावर असतो तिथेच तो राहतो, म्हणून 'खझॉन्टहाइट्सझॉर्ख'मध्ये तो 'झॉन्ट'वर पडतो. त्यातला सुरुवातीचा 'ख' हा उपसर्ग जोर घेत नाही.

सांध्यावर उच्चारही बदलतो. 'झाक' आणि 'दूक' मिळून हातरुमाल होतो, पण ऐकू येतं 'झाग्दूक'. वाक् + देवता = वाग्देवता शिकलेल्यांना यात नवल वाटू नये!

अपवाद आहेत, ते सरळ पाठ करावेत: 'स्टाटहौस' (नगरभवन) मध्ये जोर 'हौस'वर, 'बूरनकोल' या भाजीत 'कोल'वर. गावांच्या नावांत तर दोन्ही तऱ्हा आहेत. आइंडहोफन, हिल्फरसम यांत पहिल्या अक्षरावर. रॉटरडाम, आम्सटरडाम, झूटरमेर यांत शेवटच्या. रोज ट्रेनने जात असाल तर कानातले इअरफोन काढून स्टेशनांच्या घोषणा ऐका आणि त्यांच्या पाठोपाठ नाव पुटपुटा.