मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

उदाहरणाला 1,23,45,678 घेऊ. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, हिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे 1 शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) लहान संख्या किती, ही सगळी उत्तरं मूळ अवयवांवर उभी असतात. अवयव पाडताना चूक झाली, तर पुढचं उत्तर चुकतं आणि तरीही दिसायला ठीकच दिसतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे लवकर थांबणं. 2 ने एकदा आणि 3 ने दोनदा भागल्यावर 6,85,871 उरतात. 5, 7, 11, 13 ने भाग जात नाही, म्हणून पुष्कळजण ही मूळ संख्या समजून सोडून देतात. हिचं वर्गमूळ सुमारे 828 आहे, तेव्हा तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासायलाच हव्यात. 47 ने भाग जातो आणि 14,593 उरतात. आता मर्यादाही खाली येते: 121 चा वर्ग 14,641, म्हणून 113 पर्यंत तपासलं की पुरे. सुरुवात मात्र पुन्हा 47 पासूनच करा, कारण तोच अवयव दुसऱ्यांदा येऊ शकतो. इथे येत नाही. 14,593 मूळ आहे.

1,23,45,678 = 2 × 3² × 47 × 14,593

पुढची चूक घातांकांची. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणायचं: 2 × 3 × 2 × 2 = 24. दोन 3 वेगवेगळे धरले तर 32 येतात. बेरीज काढताना 3² चा वाटा 1 + 3 + 9 = 13 असतो, 4 × 4 = 16 नव्हे. म्हणून बेरीज 3 × 13 × 48 × 14,594 = 2,73,19,968. संख्या परिपूर्ण (स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी) आहे का हे पाहायचं असेल, तर यातून ती संख्या वजा करायला विसरू नका: 1,49,74,290 उरतात, म्हणजे परिपूर्ण नाही. सहमूळ संख्या मोजताना 3² चा वाटा 9 − 3 = 6, एकदाच येणाऱ्या अवयवाचा वाटा त्याहून 1 ने कमी; एकूण 1 × 6 × 46 × 14,592 = 40,27,392.

4 ने आणि 6 ने भाग जातो म्हणून 24 नेही जाईल, असं धरू नका. 36 पाहा. कसोट्या जोडायच्या तर भाजक आपसात सहमूळ हवेत.

संगणकावरची चूक जास्त फसवी, कारण तिथे कुठलीही सूचना येत नाही. 9007199254740993 ही विषम संख्या आहे, 3 ने भाग जाणारी. एक्सेल 15 अंकच राखतं, त्यामुळे शेवटी 990 होतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या संख्येत 992 होतं: संख्या सम झाली आणि 3 ने भागही जाईना. एक्सेलमध्ये अशी संख्या मजकूर म्हणून ठेवा आणि हिशेब पायथनमध्ये करा. तिथेही भागाकाराला / नको, // वापरा. / दशांश संख्या देतं आणि शेवटचे अंक बिघडतात.

मूळ आहे की नाही हे फर्माच्या कसोटीवर सोडू नका (n मूळ असेल, तर n ने भाग न जाणाऱ्या a साठी aⁿ⁻¹ ला n ने भागल्यावर बाकी 1 उरते; a हा पाया). 341 = 11 × 31 ही संख्या पाया 2 घेतल्यावर मूळ असल्यासारखी कसोटीतून निसटते. 561 = 3 × 11 × 17 तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायावर निसटते. मिलर-राबिन ही तिचीच अधिक कडक कसोटी वापरा; 2⁶⁴ पेक्षा लहान संख्येसाठी 2 ते 37 या 12 मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या की उत्तर खात्रीचं.

शेवटी अवयव गुणून सुरुवातीची संख्या येते का पाहा. ताळा फक्त 9 चा (अंकांच्या बेरजेचा) घेऊ नका: दोन अंकांची अदलाबदल झाली तरी अंकांची बेरीज तीच राहते. 11 चा ताळाही (अंक एकाआड एक अधिक-उणे करून) घ्या, शेजारच्या अंकांची अदलाबदल त्यात लगेच सापडते.