नगरपंचायतीकडे गाऱ्हाणे नेताना या चुका टाळा

समुद्रपूर, मारेगाव, कोरपना, धारणी, भामरागड या विदर्भातील तालुक्याच्या गावांत 2014-15 च्या सुमारास ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. कार्यालयावरचा फलक बदलला, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. पण नाली तुंबली किंवा नळाला पाणी आले नाही की गाऱ्हाणे मांडण्याची आपली रीत मात्र अजून ग्रामपंचायतीच्या काळातलीच आहे, आणि बहुतेक अर्ज तेथेच अडतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ग्रामसभेच्या भरवशावर राहणे. ग्रामपंचायतीत 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि कोणताही मतदार उठून सरपंचांना जाब विचारू शकतो. नगरपंचायत 1965 च्या नगरपरिषद व नगरपंचायत अधिनियमावर चालते, आणि तेथे ग्रामसभा नाही. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने आणलेल्या प्रभाग समित्याही तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहेत. म्हणजे आपल्या 17 प्रभागांच्या गावात निर्णय होतो तो नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेत. आपला प्रश्न त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी कळवावे आणि सभा झाल्यावर ठरावाची प्रत मागावी. कामासाठी पैसा हवा असेल तर साधारण फेब्रुवारीत मंजूर होणाऱ्या अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच मागे लागावे. एप्रिल-मे मध्ये टंचाई लागल्यावर मागितलेली पाइपलाइन पुढच्या वर्षावर जाते.

दुसरी चूक अर्जाच्या मजकुरात असते. ‘आमच्या वॉर्डात पाणी येत नाही, तरी योग्य ती कार्यवाही करावी’ या वाक्यावर कोणताही अभियंता काहीच करू शकत नाही. त्याऐवजी एक सोपे काम करावे. नळ सुटण्याच्या वेळी गल्लीच्या सुरुवातीच्या घरी आणि शेवटच्या घरी पंधरा लिटरची एकसारखी बादली ठेवावी आणि ती भरायला किती वेळ लागतो, हे आठवडाभर तारीखवार लिहावे. दोन्ही घरी धार सारखीच बारीक असेल तर अडचण टाकीत, मुख्य वाहिनीत किंवा वॉल्व्हवर असण्याची शक्यता जास्त; सुरुवातीला धार चांगली आणि शेवटी नुसता थेंब असेल तर मधल्या गळतीचा, बारीक पाइपचा किंवा नळाला थेट लावलेल्या मोटारींचा संशय घ्यावा. हा कागद जोडलेला अर्ज वाचून माणूस कोठे पाठवायचा, हे कार्यालयाला कळते.

अर्ज कोणाकडे द्यायचा, हेही तपासावे. विजेचा खांब महावितरणचा, त्यावरचा पथदिवा नगरपंचायतीचा. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्गाकडे असतो.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. शिष्टमंडळाने निवेदन दिल्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी पेपरात येते, पण आवक क्रमांक विचारला तर सगळे एकमेकांकडे पाहतात, हा प्रकार आपल्याकडे फारच चालतो.

कायदे निवडण्यातही घोटाळा होतो. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम जन्म दाखला, नवीन नळजोडणी अशा अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांसाठी आहे. मुदत टळली तर त्यात अपील करता येते. नाली उपसण्याची तक्रार त्या वाटेने नेऊन उपयोग नाही. तेथे माहितीचा अधिकार कामी येतो, पण महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाच वर्षांचा सगळा हिशेब एकदम मागू नये. ज्या नालीबद्दल तक्रार आहे तिचा कार्यादेश (कंत्राटदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तकातील (झालेल्या कामाची मापे लिहिलेल्या वहीतील) नोंदी आणि अंतिम देयक एवढेच मागावे. तीस दिवसांत कागद मिळाला तर टेप घेऊन लांबी आपल्यालाच मोजता येते.

चुका कार्यालयेही करतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला तक्रार निवारणाची बैठक ठेवली तर पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाया तेव्हा शेतात असतात, आणि बैठकीत उरतात ते कंत्राटदार व चौकातली रिकामी मंडळी. अशी बैठक सायंकाळी सातनंतर, प्रभागातच, एखाद्या समाजमंदिरात घ्यावी, ही मागणीसुद्धा लेखी द्यावी आणि तिचीही पोच घ्यावी.