मे महिन्यात मुंबईतच राहून घरच्यांसोबत सुट्टी कशी करायची

गावाला जायचं तिकीट मिळालं नाही, किंवा यंदा खर्च झेपणारा नाही, किंवा आजींच्या गुडघ्यांना प्रवास सोसवत नाही, कारण काहीही असो, मे महिन्यात मुंबईतच राहणारी घरं खूप आहेत. त्यांनी सुट्टी गेलीच म्हणून शाळा उघडायची वाट बघत बसू नये यासाठी हे लिहितेय. घरी राहून सुट्टी मस्त होते, पण ती आपोआप होत नाही, ठरवून करावी लागते.

पहिलं काम म्हणजे तारखा पक्क्या करा. चार-पाच दिवस पुरे. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असतेच, तिला शनिवार-रविवार आणि एखाद-दोन रजा जोडल्या तर बरोबर जमतं. ऑफिसमध्ये "घरीच आहे" असं अजिबात सांगू नका, "सुट्टीवर आहे" एवढंच सांगा, नाहीतर लॅपटॉप उघडावाच लागतो. आणि या दिवसांत बँकेचं काम, प्लंबर, गीझर, मुलांच्या पुस्तकांना कव्हरं, काहीही ठेवायचं नाही. सगळ्यात मोठा धोका म्हणजे माळा आवरणं. "घरीच आहोत तर माळा काढू या" असं कोणीतरी म्हणतंच आणि मग दोन दिवस धूळ, शिंका आणि जुन्या पातेल्यांवरून वाद. माळ्याला दिवाळीपर्यंत हात लावू नका.

आता खरी गोष्ट. घरातली सुट्टी फसते ती स्वयंपाकघरात. सगळे घरी म्हणजे सकाळचा चहा तीनदा, नाश्ता दोन बॅचमध्ये, दुपारचं जेवण, चारला परत काहीतरी चटकमटक, रात्रीचं जेवण, आणि हे सगळं एकटी बाई करते, बहुतेक घरांत आई नाहीतर सून. तिची सुट्टी झाली नाही तर घराची सुट्टी झाली असं मी मानत नाही. म्हणून सुरू व्हायच्या आधीच्या रात्री सगळ्यांना बसवून वाटणी करा, अगदी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. दिवसातून एकदाच पूर्ण स्वयंपाक, तोही दुपारी. रात्री खिचडी, पिठलं-भात किंवा भेळ. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा काही नाही. सकाळचा चहा बाबांकडे, भांडी घासणं मोठ्या मुलांकडे, ताटं-पाणी धाकट्यांकडे. आजोबांना लसूण सोलायला नाहीतर कोथिंबीर निवडायला द्या, बहुतेक आजोबा खुशीने करतात, त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ते पेपर वाचत बसतात. कामाला येणाऱ्या मावशींनाही यातला एखादा दिवस भरपगारी द्या, त्यांच्याही घरी मुलं आहेतच की.

भेळेचं सांगायचं तर चिंच-खजूर-गुळाची चटणी आदल्या दिवशी करून ठेवा, आणि कुरमुरे कढईत नुसतेच पाच मिनिटं मंद आचेवर परता, मुंबईच्या दमट हवेत ते नरम पडलेले असतात, परतले की कुरकुरीत होतात. वरून कैरी बारीक चिरून. मे महिन्यातल्या भेळेत कैरी नसेल तर ती भेळ कशाला म्हणायची.

दिवसाचं वेळापत्रक करू नका. माझं म्हणणं असं की एका दिवसाला एकच ठरलेली गोष्ट, बाकी दिवस मोकळा. सकाळी म्युझियम, दुपारी सिनेमा, संध्याकाळी मॉल असं केलंत की तिसऱ्या दिवशी सगळे चिडचिडे होतात आणि पैसेही जातात. मुलं "बोअर होतंय" म्हणतील, म्हणू दे, अर्ध्या तासाने तीच कुठूनतरी सागरगोटे शोधून काढतात किंवा चादरीचं घर बांधतात.

आंब्याची पेटी घरात असेल तर ती मुलांच्या ताब्यात द्या, हे मी मनापासून सांगतेय. कच्चे हापूस आणले तर ते गवतात एका थरात, एकमेकांना दाबले जाणार नाहीत असे पसरायचे, फ्रिजमध्ये अजिबात नाही, थंडीत ते पिकत नाहीत. रोज संध्याकाळी मुलांनी एकेक आंबा हातात घेऊन वास घ्यायचा, हलक्या हाताने दाबून बघायचा, पिकलेले बाजूला काढायचे आणि एखादा डागाळलेला दिसला तर लगेच वेगळा करायचा, नाहीतर शेजारचे चार खराब करतो. दोन दिवसांत आठ वर्षांचं पोरही तयार होतं. खायच्या आधी तासभर पाण्यात ठेवायचे. कापून खायला हापूस आणि रसाला पायरी असं जुनी माणसं म्हणतात ते बरोबर आहे, पायरीला रस जास्त सुटतो आणि थोडी आंबटसर चव असते. रसात चिमूटभर सुंठ आणि वाढताना चमचाभर साजूक तूप. साली आणि कोयी चोखायचं काम मुलांचं, जुन्या बनियनवर, बाथरूमजवळ बसवून.

पन्हं पण याच दिवसांत करून ठेवा. कैऱ्या उकडून गर काढायचा, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, कैरी किती आंबट त्यावर, वेलची, किंचित मीठ, असेल तर केशर. घट्ट गर बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की कोणी आलं, चमचा भरला, गार पाणी घातलं, झालं. घरात आल्या-गेल्याला काय द्यायचं हा प्रश्नच संपतो.

गच्ची मिळत असेल तर साबुदाण्याच्या पापड्या कराच. साबुदाणा रात्रभर भिजवायचा, सकाळी मीठ-जिरं घालून तो पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत प्लॅस्टिकच्या कागदावर चमच्याने घालत जायचं. साधारण दोन दिवस कडक ऊन लागतं. वरून पातळ ओढणी घाला, मुंबईचे कावळे सोडत नाहीत. राखणीला आजी खुर्ची टाकून सावलीत आणि नातवंडं भोवती, आणि अर्धवट ओल्या पापड्या चोरून खाणं हा त्यातला मुख्य कार्यक्रम असतो, तेवढ्या जास्तच घाला. टॉवरमध्ये गच्चीला कुलूप असतं, सेक्रेटरीला आधी विचारून ठेवा. एकदम नाही म्हणाले तर खिडकीच्या ग्रिलमध्ये ताटावर घाला, कमी होतील पण होतील.

मुंबईत मेच्या मध्याला, १५ मेच्या आसपास, शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासची सावली त्याच्याखालीच गायब होते. सव्वाबारापासून गच्चीवर ग्लास ठेवून बघत बसायचं, टोप्या घालून. रात्री परत वर जा, सतरंजी घेऊन. मुंबईच्या उजेडात तारे कमी दिसतात हे खरं, पण उत्तरेला सप्तर्षी दिसतात, त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती आणि आणखी पुढे पांढरी चित्रा, एवढं स्वच्छ रात्री कुठूनही दिसतं.

दुपारी बाहेर पडण्यात अर्थ नाही, तेव्हा पत्ते. किती माणसं आहेत त्यावर डाव ठरवा. दोघंच असाल तर सात-आठ, तिघं असाल तर पाच-तीन-दोन. दोन्हीला पानं तीच ३०, अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळी आणि वर इस्पिक-बदामच्या सत्त्या. चौघांना मेंढीकोट, समोरासमोरचे भिडू, दश्श्या म्हणजे मेंढ्या, चारही एका बाजूला आल्या की कोट. पाचाच्या वर गेलात की बदाम सात नाहीतर झब्बू, यात सहा-सात वर्षांची मुलंही बसू शकतात. लहान मूल आणि आजी एका जोडीत बसवा, हात धरून शिकवणं तिथेच होतं. फोन तेवढा वेळ एका डब्यात, मोठ्यांचे सुद्धा, आधी मोठ्यांचे.

बाहेर जायचं तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. राणीबाग साडेनऊला उघडते, बुधवारी बंद. भायखळा स्टेशनवरून चालत जाता येतं. सगळे पेंग्विनसाठी जातात, ते २०१७ पासून बघायला मिळतात, बघा नक्की, पण मुलांना दोन गोष्टी शोधायला सांगा. एक, ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो राजाचा पुतळा, १९६५ मध्ये फोर्टमधून हलवलेला, आता राणीबागेत आहे. दुसरा, शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारातला दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तोच हा. शोधायला काहीतरी असलं की मुलं उन्हाची तक्रार करत नाहीत. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघा, नाहीतर सगळा उत्साह प्लॅटफॉर्मवरच संपतो.

समुद्रावर जाताना भरती-ओहोटी बघून जा, हे मुंबईत राहूनही खूप लोक करत नाहीत. कोकणातला साधा हिशोब आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. थोडंफार पुढे-मागे होतं, पण बेत ठरवायला पुरतं. म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी लांब गेलेलं हवं असेल तर पौर्णिमा नाहीतर अमावस्या गाठा, तेव्हा पाणी जातंही सगळ्यात लांब. गिरगाव, दादर, जुहू, जे जवळ असेल ते. ओल्या वाळूत खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी, शंख, डबक्यात अडकलेले मासे, मुलं तासन्‌तास वाकून बघतात. बघायचं आणि तिथेच ठेवायचं, जिवंत शंख घरी आणायचा नाही. खडकांवर गेलात तर पाणी फिरायच्या आत परत या, भरती मागून येते आणि कळत नाही.

आणि एक दिवस आजी-आजोबांच्या जुन्या पत्त्यांसाठी ठेवा. ते जिथे जन्मले, जिथे लग्न करून आले, गिरगावातली चाळ असो, लालबाग, परळ, ताडदेव, टॅक्सी करून तिथे न्या, चाळ पाडून टॉवर झाला असेल तरी न्या. तिथलं देऊळ, शाळा, पिठाची गिरणी, काहीतरी शिल्लक असतंच आणि त्यांचं बोलणं आपोआप सुरू होतं. मुलांना आधी दोन-तीन प्रश्न देऊन ठेवा: पाणी किती वाजता यायचं, एका खोलीत किती माणसं झोपायची, ट्रामने कुठे जायचात. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, सत्तरीच्या बऱ्याच पुढच्या माणसांना ती चांगली आठवते. फोनवर रेकॉर्ड करा, पण फोन खिशात ठेवून, समोर धरला की ते भाषण करायला लागतात. थकले की जवळच्या जुन्या हॉटेलात बसवा, पियूष नाहीतर कोकम सरबत मागवा, तिथे राहिलेल्या अर्ध्या गोष्टी निघतात. रेकॉर्डिंगला त्याच रात्री नाव आणि तारीख घालून दोन जणांच्या फोनवर ठेवा.

शेवटच्या दिवशी काही ठरवू नका. कपडे धुणं, उरलेल्या आंब्यांचा रस, दुपारची झोप. संध्याकाळी कॅलेंडर काढून दिवाळीच्या तारखा तेवढ्या बघून घ्या, कारण रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या सकाळी आठला उघडल्या की काही मिनिटांत भरतात.